एवढंसं तर पोर असतं

जानेवारीत ताईकडे भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. ग्वाल्हेरची थंडी म्हणजे दुपारी बारा वाजले तरी धुकं हटायचं नाव घेत नाही, त्यामुळे सगळे गच्चीवर सतरंज्या टाकून उन्हाची वाट बघत बसलेले. समोर मुरेन्याची गजक, आल्याचा चहा, ताईनं सकाळपासून खपून तळलेले साबुदाणावडे. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, घर मूळचं इंदूरचं. माणसं मोकळी होती. गोत्र, गाव, कोण कुणाचे व्याही हे सगळं बोलून झाल्यावर मुलाच्या वडिलांनी भाचीला विचारलं, "तू बाळांची डॉक्टर ना? मग क्लिनिक कुठे टाकणार?" ती म्हणाली, "काका, मी नवजात बाळांची डॉक्टर आहे. माझं सगळं काम एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. क्लिनिक असं नसतं आमचं." मग पगाराचा विषय निघाला. तिनं आढेवेढे न घेता आकडा सांगितला, महिना २ लाख ४० हजार. काकांच्या ओळखीतल्या एका मुलीचं इंदूरला स्किनचं क्लिनिक आहे, ती लेझर मशीनचा हप्ताच जवळपास तेवढा भरते, असं ते म्हणाले. आणि मग पुढे झुकून, अगदी घरच्या माणसाच्या काळजीनं म्हणाले, "बाळा, राग मानू नकोस, पण एवढंसं तर ते पोर असतं. त्याला लागून लागून औषध ते किती लागणार, आणि त्यात डॉक्टरला काय सुटणार?"

ते स्थळ पुढे पत्रिकेवरून राहिलं, त्याचं कुणी फार मनाला लावून घेतलं नाही. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. काकांचं बोलणं हिशेबाला धरून होतं, आणि तोच हिशेब मी आयुष्यभर टेबलापलीकडून पाहिलेला होता.

मी बँकेत होते, आणि नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. डॉक्टरांना कर्ज द्यायला बँका एका पायावर तयार असतात, पण कुठल्या डॉक्टरला किती आणि किती झटपट, यात फरक असतो. सोनोग्राफी मशीनचा प्रस्ताव आला की काम सोपं. मशीनची किंमत एवढी, दिवसाला सरासरी एवढ्या तपासण्या, एका तपासणीचे एवढे, हप्ता आरामात निघतो. दातांच्या खुर्चीचं तसंच, मोतीबिंदूच्या मशीनचं तसंच. एकदा एक बालरोगतज्ज्ञ जोडपं सहा खाटांच्या एनआयसीयूचा प्रस्ताव घेऊन आलं होतं. खर्चाची यादी दोन पानी: बाळाला ऊब देणारे वॉर्मर, व्हेंटिलेटर, श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारं सीपॅप, मॉनिटर, सिरिंज पंप, काविळीचे निळे दिवे, ऑक्सिजनची पाइपलाइन, जनरेटर, आणि वर तीन पाळ्यांत चोवीस तास सिस्टर्स. उत्पन्नाच्या बाजूला मात्र काय लिहायचं ते त्यांनाच सुचत नव्हतं. बाळ कधी येईल, किती दिवस राहील, नातेवाईक शेवटपर्यंत थांबतील का, सगळंच अधांतरी. आणि त्या डॉक्टरचं खरं काम म्हणजे लक्ष ठेवणं. रात्री तीन वाजता श्वास मोजत उभं राहणं. अँजिओप्लास्टीला दर असतो, सिझेरियनला दर असतो, लक्ष ठेवण्याला बिलात ओळ नसते. साहेबांनी त्यांना मागितलं त्याच्या निम्मं कर्ज मंजूर केलं. ते जोडपं खाली जिन्यात किती तरी वेळ कागद हातात घेऊन बोलत उभं होतं.

भाचीनं हा रस्ता धरला तेव्हा घरात कुणालाच त्याची लांबी कळली नव्हती. एमबीबीएस साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. मग नीट पीजी, मग बालरोगाचं एमडी तीन वर्षं. मग पुन्हा नीट सुपरस्पेशालिटी आणि डीएम निओनॅटॉलॉजी, म्हणजे नवजात बाळांच्या उपचाराचं शिक्षण, आणखी तीन वर्षं. मधे अभ्यासासाठी गेलेलं वर्ष आणि बाँडची नोकरी वेगळी. बत्तीस वर्षांची होईपर्यंत तिच्या हातात धड पगार असा आला नाही. तिच्याच वयाचा माझा मुलगा तोवर दहा वर्षं कमावत होता, त्याचा फ्लॅट झाला होता. पीजीच्या यादीत वरचे नंबर मिळवणारी मुलं रेडिओलॉजी आणि स्किनकडे का धावतात हे विचारायला नको. तिचा नंबर चांगला होता, तिलाही ते दरवाजे उघडे होते. तिनं बालरोग घेतलं, आणि बालरोगातही जिथे पेशंट सर्वांत लहान आणि झोप सर्वांत कमी, ती खोली निवडली.

डीएम झाल्यावर चार ठिकाणांहून बोलावणी आली. दिल्ली-गुडगावकडे मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल, तीन-साडेतीन लाखांपर्यंत, पण तिथलं घरभाडं आणि रोजची धावपळ वजा केली की उरतं तेवढंच. सरकारी कॉलेजात सहायक प्राध्यापक, पगार याच्याहून बराच कमी, शिकवायला मात्र मिळणार. आखाती देशातून एका एजंटचे मेसेज, तिथे आकडा डोळे दिपवणारा. आणि ग्वाल्हेरचं खासगी हॉस्पिटल. तिथे आधी 'मिनिमम गॅरंटी' देतो म्हणाले, म्हणजे ठरावीक रक्कम पक्की आणि त्यावर खाटा भरतील तसा वाटा. तिनं सरळ पगार मागितला. खाटा भरल्या तर माझे पैसे वाढणार असतील, तर बाळ घरी सोडताना माझ्या मनात तो विचार एकदा तरी येईल, तो मला यायलाच नको आहे, असं ती मला म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी काळजीही वाटली, कारण वाटा सोडल्यामुळे वर्षाला किती जाणार हे मी मनात मोजून मोकळी झाले होते.

एकदा तिनं मला आत नेलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, अंगठी-बांगड्या काढायला लावल्या, गाऊन चढवला. आत उकडत होतं. बाहेर आम्ही दोन स्वेटर घालून वावरत होतो आणि आत सिस्टर्सच्या कपाळावर घाम. वॉर्मरवर एक मुलगी होती, ९४० ग्रॅमची. भिंडहून आली होती. पाऊल माझ्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं, कातडी इतकी पातळ की पोटावरच्या शिरा दिसत होत्या, डोक्यावर लोकरीची टोपी आणि नाकात सीपॅपच्या नळ्या. सिस्टर तिला दूध पाजत होती. पाजत म्हणजे काय, तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीतून सिरिंजनं १ मिली आईचं दूध, दर दोन तासांनी. ते दूध आपल्या वजनानंच खाली उतरू द्यायचं, दांडा दाबायचा नाही. नंतर तिनं डायपर काढून काट्यावर ठेवला, कोऱ्या डायपरचं वजन वजा केलं आणि लघवी किती झाली ते वहीत लिहिलं. माझ्या भाचीनं मला सांगितलं, "मावशी, हिच्या सगळ्या अंगात मिळून अर्धी वाटी रक्त आहे. म्हणून तपासणीला मी १ मिली काढलं तरी त्याचा हिशेब ठेवते." ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. म्हणून यंत्राचा भोंगा दोन्ही बाजूंना लावलेला. अशा बाळांचे डोळे साधारण महिन्याभरानं नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेच लागतात, घरी सोडलं असलं तरी बोलावून.

आणि औषध. काकांचा प्रश्न मला तिथे आठवला. त्या मुलीला प्रतिजैविकाचा जो डोस होता तो सिरिंजमध्ये मला नीट दिसतसुद्धा नव्हता. मोठ्या माणसाला कुपी फोडायची आणि द्यायची. इथे कुपी फोडायची, पाण्यात विरघळवायची, त्यातला थोडा भाग घेऊन पुन्हा विरळ करायचा, मग त्यातला दशांश मोजायचा, दुसऱ्या सिस्टरनं तो तपासायचा, मग पंपावर लावायचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. दशांश चिन्ह सरकलेलं मी बँकेत पाहिलेलं आहे. तिथे रात्री उशिरापर्यंत बसून ताळा जुळवता येतो. औषध लागतं ते खरंच थेंबभर, पण तो थेंब देण्यासाठी दोन सिस्टर्स, एक डॉक्टर आणि अकरा वर्षांहून जास्त शिक्षण लागतं. पेशंट जितका लहान तितके हात जास्त.

माझी आजी शिंद्यांच्या छावणीत राहायची. कुणी विचारलं तर सांगायची, "माझी नऊ झाली, पाच राहिली." इतकंच. राहिली नाहीत त्या चारांची नावं मला कधी कळली नाहीत, कारण त्यांतल्या तिघांना नावच मिळालेलं नव्हतं. बारावा दिवस उजाडायच्या आत ती गेली होती. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून पाटाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि मग बाराव्याला बारसं. लहानपणी मला हे सगळं गमतीचं वाटायचं. आता वाटतं, ज्या बायकांनी हे दिवस ठरवले त्यांना सगळं माहीत होतं. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, खिडकीला गोधडी, बाळाला आईच्या कुशीतून हलवायचं नाही, हेही त्यांना माहीत होतं. थंडी बाळाला मारते हे ग्वाल्हेरच्या बायकांना कुणी शिकवायला लागलं नाही. सातव्या महिन्याचं जगतं आणि आठव्याचं जगत नाही, ही त्यांची समजूत तेवढी चुकीची. पोटात जितके दिवस जास्त, तितकी फुप्फुसं तयार.

फुप्फुसांवरून आठवलं. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या, केनेडींच्या घरी साडेपाच आठवडे आधी मुलगा झाला होता. वजन २ किलोच्या वर. फुप्फुसं उघडी राहण्यासाठी लागणारा पदार्थ त्याच्यात पुरेसा तयार झालेला नव्हता, आणि दोन दिवसांत तो गेला. जगातला सर्वांत ताकदवान बाप, हवा तो डॉक्टर, हवा तेवढा पैसा, आणि उपायच अस्तित्वात नव्हता. पुढे १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो पदार्थ, सर्फॅक्टंट, श्वासनळीतून देऊन बाळं वाचतात हे दाखवलं. त्याच वर्षी आपल्याकडे नवजात बाळांच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम, उभी राहिली. आज केनेडींच्या मुलाएवढं बाळ भाचीच्या वॉर्डात आलं तर ती मला संध्याकाळी फोनवर त्याचं नावही काढत नाही, इतकं ते रोजचं झालंय.

उपाय आला. तो कुणी, कुठे आणि किती पगारावर द्यायचा, हे ठरायचं राहिलं.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं चुकीचं होईल. २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा खास कक्ष सुरू झाला, आणि त्या नमुन्यावर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष, एसएनसीयू, उघडले. २०११ पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचा उपचार मोफत आहे. माझा स्वतःचा जन्म ग्वाल्हेरच्या कमलाराजा या सरकारी रुग्णालयातला. तिथे आजही भिंड, मुरेना, दतिया, शिवपुरीकडून बाळं येतात. पण २०२०च्या सरकारी आकड्यांत देशात दर हजार जन्मांमागे २० बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती आणि आपल्या मध्य प्रदेशात ३१. ज्या राज्यात या डॉक्टरांची गरज दीडपट, तिथेच ते टिकत नाहीत. छोट्या जिल्ह्याच्या कक्षात कंत्राटी नेमणूक, पगार जेमतेम, दुसरा डॉक्टर नाही म्हणून सुट्टी नाही, आणि बाळ गेलं की नातेवाइकांचा राग झेलायला एकटा. तिथे माणूस वर्षभर राहतो आणि पुढच्या परीक्षेला बसतो. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

खासगीतलं गणित वेगळं आणि तेही अवघड. या डॉक्टरकडे पेशंट स्वतः चालत येत नाही, त्याला गायनॅक पाठवतात. म्हणजे तुमची कमाई दुसऱ्याच्या मर्जीवर. ग्वाल्हेरसारख्या शहरात सिझेरियनला उभं राहण्याच्या एका कॉलचे दोन-तीन हजार मिळतात, पण तो कॉल कुणाला जायचा हे ओळखीवर ठरतं, आणि काही ठिकाणी कट मागितला जातो, हे उघड गुपित आहे. मोठा खर्च नातेवाइकांच्या खिशातून. बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत बाळाला ९० दिवसांनंतर जागा मिळते, प्रसूतीचं संरक्षण आधीपासून घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे सर्वांत धोक्याचे २८ दिवस उघड्यावर. २०१८पासून आयुष्मानमध्ये नवजाताची पॅकेजेस आहेत आणि त्यानं कित्येक घरं वाचली आहेत, पण ते कार्ड सगळ्यांकडे नसतं आणि ते प्रत्येक हॉस्पिटलात चालत नाही. शहरात आयव्हीएफच्या पाट्या दर चौकात दिसतात. मूल व्हावं म्हणून लोक शेत विकतात. तेच मूल, किंवा जुळं, सातव्या महिन्यात झालं की एनआयसीयूचं बिल त्यांना दंडासारखं वाटतं. दोष त्यांचा नाही. आधीच्या दारात सगळं संपलेलं असतं.

मग लामा होतं. लामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं, कागदावर सही करून. अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ सहा-आठ आठवडे राहतं, तेवढं बळ फार थोड्यांकडे असतं. आणि आमच्या भागात त्या सह्या मुलींच्या बाबतीत जरा लवकर होतात, असं भाची म्हणते. सरकारी कक्षांच्या आकड्यांतही भरती होणाऱ्या मुली मुलग्यांपेक्षा कमी दिसतात. मुलगे जन्मतः थोडे नाजूक असतात हे खरं, पण सगळा फरक त्यानं भरून निघत नाही. त्या ९४० ग्रॅमच्या मुलीच्या आजोबांनी पाचव्या दिवशी सही करायला कागद मागितला होता. भाची त्यांच्याशी दीड तास बोलली. आयुष्मानचं कार्ड कुठे आहे ते शोधायला लावलं, गावातल्या आशाताईला फोन लावला, आईला आत घेऊन बाळ तिच्या छातीशी उघड्या अंगाला बांधलं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून, आणि आज ती जगभर औषधाइतकी मानली जाते. आजीच्या शेगडीच्या खोलीत निम्मं तेच होतं. आजोबा थांबले. मुलगी १ किलो ६५० ग्रॅमची होऊन घरी गेली. तो दीड तास कुठल्याही बिलात नाही.

लोक मला म्हणतात, ही तर सेवा आहे, पैशाकडे काय बघायचं. सेवा आहेच. पण ती आहे म्हणून मोबदला कमी असावा, हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही. हेच वाक्य नर्सेसना ऐकवून आपण त्यांना इतकी वर्षं राबवलं, आणि आता एनआयसीयूत तयार झालेली सिस्टर दोन वर्षांत परदेशी जाते तेव्हा हळहळतो. भाचीनं खूप पैसे मिळवावेत असं मला मनापासून वाटतं. तिनं भिंडच्या बाळांसाठी इथेच राहावं असंही वाटतं. ही दोन्ही वाटणं एका घरात नांदावीत अशी व्यवस्था हवी, आणि ती करायला आकाश कोसळत नाही. नवजाताला पहिल्या दिवसापासून विमा, जिल्ह्याच्या कक्षात एकाऐवजी तीन कायम डॉक्टर, आणि लक्ष ठेवण्याच्या तासांना दर. कर्ज विभागात राहिलेली बाई म्हणून सांगते, याहून वेड्या प्रस्तावांना आम्ही पैसे दिले आहेत.

परवा शेजारच्या वहिनींचा मुलगा आला होता. गजराराजा मेडिकल कॉलेजात बालरोगाचं एमडी संपत आलंय, पुढे निओनॅटॉलॉजी करावं का म्हणून भाचीशी बोलायचं होतं त्याला. मला वाटलं ती त्याला बाळांच्या गोष्टी सांगेल. तिनं आधी आकडे सांगितले, आपल्या पगाराचा कागदच काढून दाखवला. मग म्हणाली, "शहर निवडताना हॉस्पिटलची इमारत बघू नकोस, तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात आणि बाहेरून किती बाळं येतात ते विचार. एकटा नवजाततज्ज्ञ म्हणून कुठेही जाऊ नकोस, दुसरा असेल तरच हो म्हण, नाहीतर दोन वर्षांत मोडशील. रात्रपाळीला किती बाळांमागे एक सिस्टर, हे पगाराच्या आधी ठरव. आणि पगार पाडून घेऊ नकोस. तू कमी घेतलास की तुझ्यानंतर येणाऱ्याला त्याहून कमी सांगतात." तो फोनमध्ये सगळं टिपून घेत होता. मधेच थांबून त्यानं जरा चाचरत विचारलं, "ताई, रात्रीच्या कॉलचे वेगळे मागितले तर वाईट दिसेल का?"

"माग," ती म्हणाली. "आणि करारात लिहून घे."